पहिल्या हाकेला ओ

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला भाबडी बाई समजायला नको. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते आहे, नाही दिसत ते नाही, इतकं माझं सरळ आहे. साताऱ्याला माहेरी असताना तिठ्यावर कुणी उतरून टाकलेला नारळ घरी आणून मी त्याची चटणी केली होती आणि आईचे धपाटे खाल्ले होते. भूत-बित, बाहेरची बाधा... असलं काही कधी मानलं नाही. त्यामुळे पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहायलाच हवं, का ते शेवटी कळेल.

लग्न करून मी तंजावूरला आले. राजवाड्याच्या मागे मराठी बोलणाऱ्या घरांची एक गल्ली आहे, तिथे आम्ही राहतो. घर नवं, सिमेंटचं, खाली तीन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. गच्चीला इथे माडी म्हणतात. घरात आम्ही चौघं — माझा नवरा रघू, जो पापनाशमच्या बँकेत नोकरीला आहे आणि सकाळच्या गाडीनं जातो. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. माझी नणंद मालती, आणि मी. सासरचं मराठी माझ्या मराठीहून वेगळं. मी ‘कुठे’ म्हणते, ही मंडळी ‘कोठे’ म्हणतात. अर्ध्या वाक्यात तमिळमध्ये शिरतात आणि परत येतात. देवनागरी कुणालाच धड वाचता येत नाही, मालती तर मराठी मेसेजसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहिते.

आणि या घराची एक रीत आहे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी न्हाणीघरातून टॉवेलसाठी रघूला हाक मारली तर उत्तर नाही. पुन्हा मारली, नाही. मला वाटलं हे अख्खं खानदान बहिरं आहे आणि स्थळ बघताना कुणी आम्हाला सांगितलं नाही. तिसऱ्या हाकेला साहेब शांतपणे म्हणाले, “ओ, काय हवं?” मी दोन दिवस रुसले होते. माझ्या माहेरी पहिल्या हाकेला ओ आली नाही तर आई लाटणं घेऊन यायची! तेव्हा आत्याबाईंनी मला समजावलं होतं. भर दुपारची वेळ, जिला इथे उच्ची वेळ म्हणतात, आणि दिवेलागण — या वेळी कुणी नुसती हाक मारली तर गप्प राहायचं. माणूस असेल तर परत हाक मारेल, तिसऱ्यांदाही मारेल. जे माणूस नसतं ते एकदाच विचारतं. एकदाच विचारायची त्याला मुभा असते, म्हणाल्या. आत्याबाई शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवणाऱ्या. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला हसूच फुटलं होतं.

आता मालतीबद्दल. मालती तिरुवैयारूच्या एका शाळेत गणित शिकवते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेतून येताना स्कूटर घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. पाय जमिनीला टेकवायचा नाही, कुबड्यांशिवाय उठायचं नाही, जिना तर चढायचाच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. एका जागी न बसणारी पोरगी खिडकीशी खाट टाकून पडून राहिली. चौथ्या दिवशी ती छताकडे बघून रडायला लागली तेव्हा मी माझ्या धनश्रीला फोन केला.

धनश्री माझी कॉलेजची मैत्रीण, आता पुण्यात एकटी राहते, घरून काम करते. तिला एका ऑनलाइन गेमचा भारी नाद. एक राज्य असतं, तुम्ही त्यातले गावकरी. लाकडं तोडा, खाण खणा, नदीच्या घाटावर मासे धरा. गळ टाकायचा, दोरीची तरंगती बोंडी बुडेपर्यंत बघत बसायचं, बुडाली की क्लिक करायचं, परत गळ टाकायचा. तासन् तास तेच! मी तिला म्हणायची, बाई, यापेक्षा भांडी घास, निदान घर तरी स्वच्छ होईल. पण बिछान्यावर पडलेल्या मालतीला नेमकं असलंच काहीतरी हवं होतं. शिवाय धनश्री म्हणाली की मासे धरताना हात रिकामा आणि तोंड मोकळं, त्यामुळे लोक एकमेकांशी गप्पा मारतात. मी मालतीच्या लॅपटॉपवर ते सुरू करून दिलं.

त्या घाटाचीही एक रीत होती, ती धनश्रीनं आम्हाला पहिल्याच दिवशी फोनवर शिकवली. असल्या कंटाळवाण्या कामाला बरेच लोक स्वतः बसत नाहीत, प्रोग्रॅम लावून झोपी जातात. माणूस नाही, नुसतं यंत्र मासे धरत असतं. म्हणून शेजारी उभा असलेला कुणीही अधूनमधून विचारतो — आहेस का? तू लगेच उत्तर द्यायचं. कितीही कंटाळा असो, मासा निसटला तरी चालेल, पण विचारणाऱ्याला लटकत ठेवायचं नाही. उत्तर नाही आलं तर लोक तुला यंत्र समजतात, तक्रार करतात आणि तुझं खातं बंद होतं.

मालती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, “वैनी, म्हणजे पहिल्याच हाकेला ओ द्यायची? अम्माला कळलं तर?”

मी म्हटलं, “अगं, ही टाइप केलेली हाक. हिला कुठली आलीय बाधा. दे बिनधास्त.”

आठवडाभर सगळं छान चाललं. मग एका दुपारी मी लॅबमधून आले तर मालतीचा चेहरा खुललेला. घाटावर कुणीतरी तिला चक्क मराठीत विचारलं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी — आहेस का? तिनं लगेच लिहिलं, आहे. तुम्हाला यातलं अप्रूप कळणार नाही. या मुलीला आयुष्यभर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी तिच्या मराठीवरून चिडवलंय. आणि हे कोण अनोळखी तिच्याशी मराठी बोलत होतं. मी म्हटलं बरं झालं, बोल की. मी स्क्रीन पाहिला. घाटावर मालतीची छोटीशी बाहुली गळ टाकून उभी, तिच्या शेजारी दुसरी एक. अंगावर गेम सुरू करताना मिळतात ते साधे कपडे, हातात गळ नाही, डोक्यावर नावाच्या जागी नुसता एक ठिपका. बाकी सगळा घाट रिकामा. दुपारची वेळ, लोक ऑफिसात असतील, असं मला वाटलं.

ती ठिपकावाली रोज भर दुपारीच यायची. रोज एकच प्रश्न, तोही एकदाच. आधी काही दिवस ‘आहेस का?’ मग एक दिवस ‘एकटीच आहेस का?’ मालतीनं लिहिलं, हो. मला हे तिनं जेवताना सांगितलं आणि मी आमटी वाढत हूं हूं केलं. कोण लक्ष देतं असल्या गोष्टीकडे?

पण मालती बदलत चालली होती. जेवता जेवता मध्येच “आहे” म्हणायची. कुणी काही विचारलेलं नसायचं. मी विचारलं की म्हणायची, वैनी, तूच तर हाक मारलीस. आणि आम्ही खरोखर हाक मारली तर तिला ऐकू यायचं नाही. दाराशी उभं राहून हाक मारा, दोनदा मारा, तिसऱ्यांदा मारा, ही खिडकीबाहेर बघत बसलेली. तिसऱ्या हाकेलाही ओ नाही, हे त्या घरात कधी झालं नव्हतं. रघू म्हणाला दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येत असेल. मलाही तेच वाटलं, मी डॉक्टरांना सांगून गोळी कमी करून घेतली. फरक शून्य. पोरगी वाळत चालली होती.

मग ती दुपार आली. आत्याबाई स्वयंपाकघरात, मालती उशीवर डोकं टाकून गाढ झोपलेली, लॅपटॉप खाटेवर उघडाच. मी तो बंद करायला गेले. घाटावर मालतीची बाहुली होती, शेजारी ती ठिपकावाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली अक्षरं उमटली. आहेस का?

माझी बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. रीतच तशी शिकवली होती ना. पण का कोण जाणे, मी थांबले. म्हटलं बघू या, आत्याबाईंचं गणित लावून बघू. माणूस असेल तर परत विचारेल. मी हात मांडीवर ठेवून बसले. बोंडी बुडाली, मासा गेला, परत बोंडी वर आली. दुसरा प्रश्न काही येईना. बराच वेळ गेला. मग ती बाहुली हळूच वळली. तोवर ती नेहमी नदीकडे तोंड करून असायची, आता तिनं तोंड माझ्याकडे केलं. गेममध्ये चेहरे म्हणजे काय, दोन डोळ्यांचे ठिपके आणि तोंडाची रेघ. तरी मी लॅपटॉपपासून मागे सरकले.

माझ्या मागे मालती झोपेतच म्हणाली, “आहे.”

आणि स्क्रीनवर अक्षरं आली — कोठे आहेस?

मी कशालाही हात लावलेला नव्हता. उत्तर झोपलेल्या मालतीनं तोंडानं दिलं होतं, आणि पुढचा प्रश्न त्या उत्तराला आला होता. आणि ‘कुठे’ नाही, ‘कोठे’. आमच्या घरचं मराठी. मालती डोळे मिटूनच म्हणाली, “खाली. खिडकीशी. पाय मोडलाय.” स्क्रीनवर आलं, मी हात देते. माडीवर ये.

मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि तो छातीशी धरून स्वयंपाकघरात धावले. आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, मलाही बोल लावला नाही. एवढंच विचारलं, “पहिल्या हाकेला ओ दिली का तिनं?” मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी लॅपटॉप माझ्या हातातून घेतला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या रात्री मी मालतीच्या खोलीत झोपले. काही झालं नाही. सकाळी ती दोन इडल्या खाऊन माझ्याशी नीट बोलली, तेव्हा मला वाटलं सुटलो, आणि मी कामावर गेले.

दुपारी परतले तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत होतं. फाटक उघडलं आणि मला वरून आवाज आला. “मालू, आहेस ना? ये.”

तो आवाज माझा होता. माझा म्हणजे माझाच, साताऱ्याचा हेल, ‘ये’ म्हणताना मी जरा लांबवते तसा लांबवलेला. मी फाटकाला हात लावून उभी, तोंड बंद, आणि माझा आवाज गच्चीवरून माझ्या नणंदेला बोलावतोय. मी आत पळाले. आत्याबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, त्यांना पत्ताच नाही. मालतीची खाट रिकामी. कुबड्या भिंतीला टेकलेल्या, जशाच्या तशा.

जिना कसा चढले मला आठवत नाही. गच्चीवर आत्याबाईंनी सकाळीच वडाम घातले होते, म्हणजे तांदळाच्या पिठाचे सांडगे, पांढऱ्या धोतरावर ओळीनं. ते तुडवले गेले होते. पलीकडे कठड्यावर मालती बसली होती. आमचा कठडा जेमतेम बसायच्या बाकाएवढा उंच. तिची पाठ माझ्याकडे, दोन्ही पाय बाहेर, प्लॅस्टरचा पाय हवेत लोंबकळत. खाली फरशीचं अंगण. एक हात तिनं पुढे केला होता, कुणीतरी धरावा तसा.

मी धावत गेले असते तर ती दचकून खाली गेली असती. मी जागीच उभी राहिले आणि हाक मारली. “मालू.”

काही नाही. मानसुद्धा हलली नाही. मी दुसरी हाक मारली. “मालू.”

तेव्हा कठड्याच्या पलीकडून, जिथे नुसती हवा होती तिथून, माझ्याच आवाजात, एकदाच — “आहेस का?”

मालती म्हणाली, “आहे,” आणि पुढे वाकली.

मला देव आठवला नाही, काही आठवलं नाही. इतकंच डोक्यात होतं की ही या घरची लेक आहे, लहानपणापासून तिसऱ्या हाकेला ओ देत आलीय, आणि पलीकडचं जे आहे ते तिसरी हाक मारू शकत नाही. मी पोटातून ओरडले. “मालू!”

ती थांबली. मान वळवली. झोपेतून उठल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ओ, वैनी.” पुढच्या क्षणी मी तिला काखेत धरून आत ओढलं होतं आणि आम्ही दोघी त्या तापलेल्या गच्चीवर पडून रडत होतो.

तिच्या मोकळ्या पायाचा तळवा भाजून फोड आले होते. प्लॅस्टर मात्र शाबूत, घोटाही जागेवर. डॉक्टरांचा विश्वासच बसेना की ती जिना चढली. म्हणाले, कुणीतरी धरून नेल्याशिवाय शक्यच नाही. मालतीला फक्त एवढं आठवतं की वैनी बोलावत होती, वैनीनंच हात धरून वर नेलं. आणि ते वडामाचं धोतर... मी दुसऱ्या दिवशी गोळा करायला गेले तेव्हा नीट पाहिलं. पीठ ओलं असताना उमटलेले मालतीच्या एका पावलाचे ठसे तसेच वाळले होते, त्यांच्या जोडीला प्लॅस्टरचे गोल डाग. आणि त्यांच्या बाजूनं, अगदी चिकटून, दोन अनवाणी पावलं कठड्यापर्यंत गेलेली. परतीचे ठसे नाहीत. माझ्या पायात त्या दिवशी चपला होत्या, आणि ते ठसे आत्याबाईंच्या पावलांपेक्षा मोठे होते. आत्याबाईंनी धोतराची घडी केली आणि वडामासकट वडवारूच्या पाण्यात सोडून आल्या. वडवारू म्हणजे आमच्या गावाच्या कडेनं जाणारी नदी.

पुढच्या आठवड्यात मालतीला गेमकडून मेल आला. तुमच्याऐवजी यंत्र खेळत असल्याच्या तक्रारी आल्या आहेत, खातं कायमचं बंद. मला ते वाचून इतका संताप आला की सांगू नका. जिनं एकाही हाकेला उत्तर चुकवलं नाही, तिला यंत्र म्हणता? मी धनश्रीला फोन लावून झाडलं की कसले तुमचे लोक आणि कसल्या तुमच्या रीती.

धनश्री म्हणाली, “तुझ्या नणंदेनं आम्हाला कधी उत्तरच दिलं नाही गं.” पहिला आठवडा मालती सगळ्यांशी बोलायची. नंतर एकदम गप्प. भर दुपारी घाट माणसांनी फुललेला असायचा, धनश्री स्वतः मालतीच्या शेजारी उभी राहून दहा दहा वेळा विचारायची, आहेस का, बरी आहेस का. उत्तर नाही. फक्त रोज दुपारी मालतीची बाहुली पाण्याकडे तोंड करून कुणाशीच नाही असं एकच लिहायची — आहे. लोकांना वाटलं प्रोग्रॅम बिघडलाय. मी विचारलं, तिच्या शेजारी ती ठिपकावाली? धनश्री म्हणाली, तिच्या शेजारी मी होते. दुसरं कुणी नव्हतं.

आमच्या स्क्रीनवर घाट रिकामा होता आणि ती एकटी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मालती आता बरी आहे. शाळेत जाते, प्लॅस्टर निघालं, गेमचं नाव काढत नाही. हे सगळं मी गोळ्यांवर, उन्हावर, माझ्या घाबरटपणावर ढकलून विसरायच्या बेतात होते. इथे लिहायचा विचारही नव्हता. पण काल संध्याकाळी धनश्रीचा मेसेज आला. तिनं सहज लिहिलं होतं, “मालतीचं खातं परत सुरू झालं का गं, काल दुपारी ती घाटावर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, अंगावर साधे कपडे होते, आज पुन्हा आली. डोक्यावर नावाऐवजी ठिपका, पण मराठीत एकदाच विचारलं, आहेस का, म्हणजे तीच असणार. मी लगेच उत्तर दिलं हं, तू मागे झाडलं होतंस ना.”

मालतीचं खातं बंद आहे. मी त्याच क्षणी धनश्रीला फोन लावला. तिनं उचलला. मी म्हटलं, “धनश्री.”

ती म्हणाली, “आहे.”

नेहमी फोन उचलताच शिव्या घालणारी बाई ती. मी पुन्हा हाक मारली. पलीकडे नुसता श्वास, आणि मग कुणालातरी दुसऱ्यालाच सांगावं तसं, “सातव्या मजल्यावर.” फोन बंद झाला. त्यानंतर उचलत नाहीये. तिच्या सोसायटीच्या वॉचमनला बजावलंय, शेजारणीला तिच्यासोबत बसवलंय, दोघं म्हणतात ती ठीक आहे, फक्त बोलत नाही.

हे काय आहे ते मला माहीत नाही. माझ्याकडे आजही कसलंच स्पष्टीकरण नाही, आणि कुणी कमेंटमध्ये गोळ्या, ऊन, गेममधली गडबड असं काही लिहिणार असेल तर खुशाल लिहा, मीही तेच लिहिलं असतं. एवढंच करा, असल्या ठिकाणी भर दुपारी कुणी एकदाच विचारलं तर गप्प बसा. खातं बंद झालं तर होऊ दे.

मी हे चेन्नईच्या विमानतळावर बसून लिहितेय. पुण्याचं विमान लागायला अजून वेळ आहे. दोन हाका फोनवर मारून झाल्यात. तिसरी तिच्या दारात उभी राहून मारणार आहे, उच्ची वेळ व्हायच्या आत.